फरार पाहुण्याचा चापान

मित्रांनो, मी एक जुना चापान आहे: निळ्या मखमलीचा, सोनेरी नक्षीचा, मानाचा झगा. आजवर मी फक्त थोर माणसांच्याच खांद्यावर विसावलो. म्हणजे, एकाच्या. ते सध्या फरार आहेत.

मला उलकानने शिवलं. ती तेमिरबुलाकच्या कोळसा खाणीत दिवे वाटायची. अख्खा हिवाळा खपून तिने माझ्यावर मेंढ्याच्या शिंगांची वेलबुट्टी काढली. संपापुढे आणि उपोषणापुढे मालक नमला, तेव्हा कामगारांनी मला संघटनेचे अध्यक्ष कासिमाली यांच्या खांद्यावर घातलं. काय टाळ्या पडल्या! पुढे मला घालूनच ते खासदार झाले. मी संसदेत बसलो आहे, मित्रांनो. तिथे फार उकडतं.

मग सरोवराकाठचं कामगारांचं आरोग्यधाम कासिमालींनी अध्यक्षाच्या सहीने मेहुण्याच्या नावावर करून टाकलं. उलकानचा नवरा सागिन याची छाती कोळशाच्या धुळीने भरलेली. हिवाळ्याआधी तिथे त्याचा नंबर लागणार होता, तर दाराला कुलूप. कासिमालींवर वॉरंट निघालं आणि एका दुपारी ते लपायला आले ते थेट उलकानच्याच दारात.

"वहिनी, दोनच दिवस. कुणाला कळता कामा नये."

"पाहुण्याला दारातून परत पाठवत नाही आम्ही, भाऊजी. या आत," ती म्हणाली आणि कुंपणावरून ओरडली, "अहो, मेंढा धरा कुणीतरी! पाहुणे आलेत!"

आमच्याकडे लपायला येऊ नये. मानाच्या पाहुण्यासाठी मेंढा कापावा लागतो, आणि मेंढा कापला की गल्ली बोलवावी लागते. संध्याकाळी चाळीस माणसं जमली. त्यात पोलिसातला मेजर ओसोकसुद्धा. तो उलकानचा भाचा. वगळलं असतं तर वर्षभर रुसला असता.

"मावशी, यांना मी आत्ताच ताब्यात..."

"जेवणावरून पाहुणा उठवणार? हेच शिकवलं का रे तुझ्या आईने? बस. चहा घे."

मेजर बसला.

मेंढ्याचं उकडलेलं डोकं कासिमालींपुढे आलं. ते पाहुण्याने कापून वाटायचं, तोवर कुणी घास घेत नाही. पण ताटाशेजारी सुरी नव्हती, कागद होता.

"आरोग्यधाम कामगारांना परत. आधी सही, मग सुरी," उलकान म्हणाली.

"वहिनी, लोक उपाशी बसलेत!"

"बसू दे की!" कोपऱ्यातून एक म्हातारा खाणकामगार ओरडला. "उपाशी बसायला तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला!"

कासिमालींनी छोटंसं भाषण करून सही केली आणि डोकं कापलं. ज्याची पुन्हा भेट व्हावी असं वाटतं, त्याला डोळा देतात. मेजरला त्यांनी कान दिला.

"आता हा काढा," उलकानने माझी कॉलर धरली. "दिलेला चापान कुणी परत घेत नाही, माहीत आहे मला. मी घेते."

कासिमाली नुसत्या सदऱ्यावर हात धुवायला परसात गेले. मेजर कान चावत होता. पाहुण्याच्या हातचा घास टाकून उठता येत नाही. परसाची भिंत कमरेएवढीच आहे.

आता मी सागिनच्या छातीवर असतो. त्याचा खोकला मला आतून ऐकू येतो. इथे मला संसदेपेक्षा जास्त काम आहे. मित्रांनो, चापानाला कसर लागू देऊ नका, त्याला अधूनमधून ऊन दाखवा. आणि कुणाच्या खांद्यावर घालण्याआधी त्या माणसालाही एकदा उजेडात धरून बघा.

सही चालली नाही. संघटनेने कासिमालींना आदल्याच दिवशी अध्यक्षपदावरून काढलं होतं, हे गल्लीत नंतर कळलं.