बुरुजावरून दिसणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा पट्टा बदललाय, एका बाजूचा रंग उडालाय, पण काचा अजून लख्ख आहेत. बढाई नाही मारत. त्याच लख्ख काचांचं मला दुःख आहे.

कुठल्याशा कारखान्यात मला जुळवलं आणि अंबाल्याच्या बाजारात मांडलं. तिथं आप्पासो नावाच्या जवानानं घासाघीस करून मला घेतलं. ते निवृत्त झाले तशी मी त्यांच्या ट्रंकेतून साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या घरी आले आणि खुंटीला लटकले. फौजी माणसाची दुर्बीण, आणि शेजारी पिशवी आणि छत्री! माझा नुसता संताप व्हायचा.

मग आप्पासोंचा मुलगा दिग्विजय फौजेत भरती झाला आणि माझं नशीब उघडलं. त्या घरात एक रीत होती. सुट्टी संपवून निघालेल्या जवानाच्या हातावर दही ठेवायचं आणि उंबऱ्यातूनच निरोप द्यायचा. स्टेशनवर कुणी जायचं नाही, कारण जाणाऱ्यानं घरच्यांचं रडणं बघू नये. पण दिग्विजयच्या आईचा, हरणाबाईचा जीव काही घरात राहीना. आप्पासो म्हणाले, "रडायचं तर लांबनं रड. जागा मी हुडकतो."

आम्ही दोघांनी सातारा पालथा घातला. चार भिंती नावाच्या स्मारकाच्या टेकडीवरून सारं शहर दिसायचं, पण स्टेशनची बाजू आडच राहायची. यवतेश्वरच्या घाटातून किल्ला असा देखणा दिसायचा की आप्पासो उगाच तिथं बसून राहायचे, पण रेल्वे कुठली दिसायला! शेवटी अजिंक्यताऱ्याच्याच एका बुरुजावर जागा सापडली. माहुलीकडचा नदीकाठ, उसाची रानं आणि त्यातून गेलेले रूळ. किल्ला बघायला पावणे आले की आप्पासो त्यांना तिथं बोलवायचे आणि मला त्यांच्या हातात द्यायचे. "बघा की. ह्यापरीस चांगली जागा न्हाई," म्हणायचे.

दिग्विजय गाडीच्या दारात उभा राहून पिवळा टॉवेल हलवायचा. हरणाबाई मला डोळ्यांना लावून पुटपुटायची, "दिसला." थोड्या वेळानं त्याचा फोन यायचा, "आई, दिसलो का गं?" तेव्हा मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं.

पुढे आप्पासो गेले. शेजारची रंगूबाई हरणाबाईला रिक्षानं वर आणू लागली. हळूहळू माझ्या ध्यानात आलं, हरणाबाई मला रुळांवर धरतच नाही. कधी नदीवर धरते, कधी नुसत्या आभाळावर. तरी म्हणायची, "दिसला."

रंगूबाईला तिनं शपथ घातली होती. "पेन्शनीला थोडीच वर्सं ऱ्हायल्यात त्येची. मला दिसत न्हाई म्हनून कळलं तर नोकरी टाकून यील. माझ्यापायी तसं न्हाई व्हायचं." डॉक्टरकडेही गेली नाही. डॉक्टर पोराला सांगतील ही धास्ती. घरात ती सवयीनं वावरायची, भाकरीसुद्धा अंदाजानं भाजायची.

एका सुट्टीत ती मला पदरानं पुन्हा पुन्हा पुसताना दिग्विजयनं पाहिलं. "काचंला बुरशी धरलीया जणू," ती म्हणाली. सगळं माझ्यावर ढकललं, आणि मला तर बोलता येत नाही. दिग्विजयनं मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं मला खोलून उजेडात धरलं. "काचा साफ हायेत की. ह्यात कायबी खराबी न्हाई." दुरुस्तीवाल्याचं बोलणं आईला न सांगता दिग्विजयनं मला परत खुंटीला अडकवलं.

सुट्टी संपली. हातावरचं दही चाटून तो निघाला आणि आम्ही बुरुजावर आलो. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला तसं हरणाबाईनं मला उचललं आणि थेट आभाळावर धरलं.

"दिसला गं. दारातच हुबा हाय. टॉवेल हलीवतोय."

 रंगूबाईनं मागं वळून पाहिलं. मागं दिग्विजय उभा होता, पाठीवर बॅग, हातात तोच पिवळा टॉवेल. त्यानं तिला गप्प राहायची खूण केली.

"कोन हाय गं मागं?" हरणाबाईनं विचारलं.

"पावणं हायेत. किल्ला बघाय आल्यात."

हरणाबाईनं मला गळ्यातून काढलं आणि आप्पासोंसारखंच पुढं केलं. "बघा की. ह्यापरीस चांगली जागा न्हाई. आत्ताच माझा ल्योक गेला त्या गाडीनं."

दिग्विजयनं मला डोळ्यांना लावलं. माझ्या काचा ओल्या झाल्या. मग तो वाकून तिच्या पाया पडला. आशीर्वाद द्यायला तिचा हात त्याच्या बारीक कापलेल्या केसांवर गेला आणि तिथंच थांबला.

"गाडी सोडलीस व्हय रं?" ती म्हणाली.

त्यानं पिवळा टॉवेल तिच्या हातात दिला.

दिग्विजयनं तिला डॉक्टरकडे नेलं. तो काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेत दाखवलं असतं तर बरीचशी राखता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. नोकरी पुरी करीन असं लेकानं कबूल करेपर्यंत हरणाबाई जेवली नाही. तो निघाला त्या दिवशी त्या घराची रीत मोडली. ती स्टेशनवर गेली आणि गाडी सुटेपर्यंत त्याचा हात धरून उभी राहिली.

मला कुणी बरोबर नेलं नाही. मी परत खुंटीवर आहे, छत्रीशेजारी.

मित्रांनो, मला पुसायला येऊ नका, मी स्वच्छ आहे. पण तुमच्या घरात कुणी सारखी काच पुसत असेल आणि तरी "दिसतंय, दिसतंय" म्हणत असेल, तर त्यांना समोर बसवा आणि विचारा, "माझ्या हातात काय आहे?" मला सगळं दिसत होतं हो. मला विचारता आलं नाही.