जर्मनचा भोंगा

दिंद्रुडजवळच्या त्या गावात आश्रुबा नावाचे दोघे होते. एक तलाठ्याचा बाप आणि दुसरा ‘जर्मन आश्रुबा’. या दुसऱ्याचा मुलगा बजरंग. वय छप्पन्न, आणि लहानपणापासून ‘जर्मनचं पोरगं’ ही हाक ऐकून कान किटलेला. जर्मन म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पांढरं, हलकं, आपटलं की पोचा पडणारं जर्मनचं पातेलं घरोघरी असतं. शिकलेली माणसं त्याला ॲल्युमिनियम म्हणतात, म्हणोत बापडी.

नाव पडलं त्याची हकीकत अशी. आश्रुबा विशीत हैदराबादला गेला होता. तिथं एका म्हाताऱ्या बँडवाल्या उस्तादाकडे दोन वर्षं राबला, वाजवायला शिकला आणि निघताना उस्तादानं त्याला एक भला थोरला भोंगा दिला. मांडीवर उभा धरला तर तोंड डोक्याच्या वर जावं, एवढा. ‘जर्मन का है, संभालके रखना,’ असं उस्ताद म्हणाला. आश्रुबानं तेच शब्द गावात येऊन पारावर सांगितले. लोकांनी भोंग्याकडे पाहिलं तर तो पिवळाधमक, तोंडाचा काठ तेवढा मळून काळा पडलेला. मग काय, हसून हसून लोकांची पोटं दुखली. दोन वर्षं राबला आणि गड्याला पितळ आणि जर्मन कळेना!

बरं, भोंग्याच्या चाव्याही विचित्र. सगळ्या बँडवाल्यांच्या चाव्या सरळ खालीवर होतात. याच्या चाव्या दाबल्या की आत गोल डब्या फिरत, नळाची तोटी फिरावी तशा. उस्तादानं मोडका माल गळ्यात मारला, असा गावानं निकाल दिला आणि हळूहळू आश्रुबालाही तो पटला. त्यानं भोंगा वाजवला, बँड पार्टी उभी केली, शेकडो वराती काढल्या. पण उस्तादाचं नाव निघालं की तो थुंकायचा. घरात जर्मनचा साधा चमचा येऊ दिला नाही.

पुढे डीजे आले, बँड बसला. बजरंगनं भोंगा माळवदावर टाकला. आणि यंदा गावच्या मारुतीची घंटा तडकली. नवी ओतायची म्हणून घरोघरचं पितळ गोळा होऊ लागलं, तेव्हा शहाऐंशी वर्षांचा आश्रुबा स्वतःहून म्हणाला, “त्यो भोंगा देऊन टाक. गावाचं हासणं तरी वितळंल.”

बजरंगला ते मनापासून आवडलं नाही. तो भोंगा त्यानं चाळीस वर्षं छातीशी धरला होता, त्याचा तो खोल, पोटातून येणारा आवाज दुसऱ्या कुठल्या भोंग्याला नव्हता. शिवाय एक गोष्ट त्याला कधीची कुरतडत होती. दोन वर्षं सांभाळणारा माणूस निरोप देताना खोटं कशाला बोलेल? आणि खोटंच बोलायचं तर पितळेला सोनं म्हणावं, जर्मन कशाला? पण बापाचा शब्द मोडायचा कसा? गुरुवारी भट्टी पेटली की विचारायला भोंगाच राहणार नव्हता.

गुरुवारी सकाळी तो भोंगा खांद्यावर घेऊन देवळाशी गेला. शिरूर कासारहून आलेला गहिनीनाथ ओतारी भट्टीत कोळसा भरत होता. लोकांनी त्याला भोंग्याची हकीकत आधीच मीठमसाला लावून सांगितलेली. हसायचं सोडून तो चिडला.

“हासता काय? आदी सांगा, ह्याच्यात जर्मन हाय का न्हाई. भट्टीत जर्मन गेलं तर घंटा बद वाजंल, आन नाव माझं खराब व्हईल.”

त्यानं कानस घेऊन भोंग्याचं पोट घासलं. पितळ. नळ्या घासल्या. पितळ. मग तोंडाच्या काठावर आला. तिथं दर दसऱ्याच्या पूजेचा शेंदूर साठ वर्षं चढत गेलेला, बोटभर जाड. बजरंगच्या आठवणीत तो काठ कुणी उघडा पाहिला नव्हता. पूजेचा शेंदूर कोण खरवडणार? गहिनीनाथनं मारुतीकडे बघून हात जोडले आणि पटाशी लावली. खपली पडली तशी खाली चार बोटं रुंद पांढरी पट्टी निघाली.

“निघालं की जर्मन,” मागून कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला.

गहिनीनाथनं पट्टीवर नख मारलं, जोडावर बोट फिरवलं. बजरंग त्याच्या शेजारी उकिडवा बसला.

“बजरंगभाऊ, हे पातेल्याचं जर्मन न्हाई. पातेल्याचं जर्मन पितळेला असा डाग, असा सांधा घेत न्हाई, लगीच सुटतं. ही जर्मन सिल्वर हाय, तांब्या-निकेलची. आन जोड बगा, केसभर फट न्हाई. आमच्या आज्याच्या हातानंबी असं काम झालं नसतं. कुठला हाय हा भोंगा?”

“त्येच तर कळंना,” बजरंग म्हणाला.

मग दोघांनी मिळून चिंच आणि राखेनं ती पट्टी घासली. पट्टीवर पानाफुलांची नक्षी उमटली आणि नक्षीच्या मधोमध इंग्रजी अक्षरं. बजरंगला अक्षरं ओळखू येत होती, शब्द लागत नव्हता. त्यानं माजलगावला शिक्षिका असलेल्या आपल्या मुलीला, मंजुषाला फोन लावला आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. एम, ए, आर, के… शब्द संपता संपेना.

“थांबा पप्पा, बघते.” थोड्या वेळानं तिचाच फोन आला. “मार्कनॉयकिर्खेन की कायतरी म्हणतात. गाव आहे ते. तिथं शेकडो वर्षं वाद्यंच बनवतात. तुमच्या भोंग्यासारखे जुने भोंगे फोटोत दिसतायत, तोंडाला तशीच नक्षीची पांढरी पट्टी. चाव्या पण गोल फिरणाऱ्या. तिकडच्या जुन्या भोंग्यांची ओळखच ती आहे म्हणे.”

“तिकडच्या म्हंजी कुठल्या?”

“जर्मनीतल्या, पप्पा.”

बजरंगनं फोन कानावरून काढून हातात धरला. जर्मनी देश त्याला माहीत नव्हता असं नाही, शाळेत भूगोलात शिकला होता. पण घरातला जर्मन आणि पुस्तकातली जर्मनी कधी एकमेकांना भेटलेच नव्हते. अख्ख्या गावाच्या डोक्यात साठ वर्षं पातेलं बसलेलं, त्याच्याही. त्याला हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

गहिनीनाथनं पटाशी झोळीत टाकली. “ह्यो मी वितळवणार न्हाई. घंटेला दुसरं कायबी द्या.” बजरंगनं घरून आंघोळीचं घंगाळ आणून दिलं आणि भोंगा परत खांद्यावर घेतला.

आश्रुबा अंगणात बाजेवर बसला होता. भोंगा परत आलेला पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. बजरंगनं भोंगा बाजेवर टेकवला, बापाचा हात धरून नक्षीवरून फिरवला आणि सगळं सांगितलं. पट्टीचं, चाव्यांचं, त्या गावाचं.

“आबा, जर्मन म्हंजी देश हाय. भोंगा तिथला हाय. तुमी बरोबर सांगितलं होतं, गावच अडाणी निघालं.”

त्याला वाटलं होतं, म्हातारा हसेल, निदान गावाला दोन शिव्या तरी हासडेल. आश्रुबाची बोटं नक्षीवरच थांबली.

“मंग उस्ताद खोटं बोलले न्हाईत.”

“न्हाई, आबा. लई मोलाची चीज दिलती त्यांनी तुमाला.”

“निगताना म्हनले होते, आश्रू, हर सालाला ईदला येत जा. मला लेकरू न्हाई, तूच ये.” आश्रुबा सावकाश बोलत होता. “म्या गावाचं ऐकलं. एकदाबी गेलो न्हाई. त्यांचं पत्र आलतं, त्ये वाचूनबी घेतलं न्हाई. चुलीत घातलं.”

 बजरंग बापाशेजारी बाजेवर बसला.

“लई वाट बगितली आसंल त्यांनी,” आश्रुबा म्हणाला.