बिनबिडीचा माणूस

कोंडाजी भराडे बिडी पीत नाही, हे चाकणच्या त्या फौंड्रीत गेटावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. दरवर्षी मे सरता सरता तंबाखूविरोधी दिन यायचा, गेटाशी मांडव पडायचा आणि कोंडाजी डफ घेऊन उभा राहायचा. परभणीकडून निघताना त्यानं दोनच चिजा बरोबर आणल्या होत्या, बायको गोजाबाई आणि गळा. गळा अजून तसाच होता. तो म्हणायचा,

बिडीबाई बिडीबाई, कुणाची गं तू सून?
छातीमंदी घर केलं, चूल पेटवून.

कामगार हातातल्या बिड्या विझवून टाळ्या वाजवायचे आणि मांडव उतरला की उरलेली थोटकं पुन्हा पेटवायचे. कोंडाजीला शाल, नारळ आणि 'निर्व्यसनी कामगार' अशी चौकट मिळायची.

शिवाय एक कायमचं बक्षीस होतं, आतल्या शेडमधल्या कोपऱ्यातलं मशीन. भट्टीतून ओतून आलेल्या लोखंडाला साच्याची वाळू चिकटलेली असते, ती तिथं घासून काढायची. घासली की ती पिठाहून बारीक होऊन हवेत तरंगायची. बिडी पिणाऱ्यांना दाराजवळची मशीनं दिलेली, कारण त्यांना घडोघडी बाहेर लिंबाखाली जावं लागायचं, कामाचा खोळंबा नको. कोंडाजीची बाहेर कुणी वाट बघत नव्हतं. म्हणून तो आत. भिंतीत धूळ ओढणारा मोठा पंखा होता, पण तो तपासणीला पाहुणे आले की फिरायचा. नाकावरचे मास्कही त्याच दिवशी वाटायचे आणि संध्याकाळी परत गोळा करायचे.

घरी आला की गोजाबाई त्याला उंबऱ्याबाहेरच झटकायची. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढुरकं बसलेलं असायचं. "आलं बाई माझं दळण," म्हणायची आणि पदरानं त्याचं तोंड पुसायची.

मग खोकला लागला. हळद झाली, काढा झाला, औषधाच्या बाटल्या झाल्या, आणि शेवटी पिंपरीतल्या एका दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर अरुंधतीबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं की हा फुप्फुसाचा कॅन्सर आहे, पण वेळेत सापडलाय, उपचार करता येतील. कोंडाजीनं तिथंच हात जोडून शपथ घेतली की आपण आयुष्यात बिडी ओढलेली नाही. बाईंनी ती लगेच मानली. त्यांनी समजावलं की सर्वांत जास्त माणसं बिडी-सिगारेटनंच या रोगाकडे जातात, त्यात शंका नाही. पण न ओढणारेही जातात. दुसऱ्याचा धूर, चुलीचा धूर, डिझेलचा धूर, कामावरची धूळ. कधी कधी तर कारण सापडतच नाही. मग काम काय करता, असं विचारलं. वाळूचं नाव निघताच त्यांचं पेन थांबलं.

लोकांना मात्र एवढी कारणं पेलत नव्हती, त्यांना एकच हवं होतं. चाळीतली माणसं बिस्किटाचे पुडे घेऊन भेटायला आली, आणि जाताना एकेक संशय ठेवून गेली. कुणाला गोजाबाईची गावाकडची चूल आठवली, कुणाला देवापुढच्या उदबत्त्या. बहुतेकांनी निकाल दिला की चोरून पीत असणार. बिनबिडीच्या माणसाला हा रोग होतो म्हटलं तर उद्या आपलीही पाळी यायची. त्यापेक्षा कोंडाजी खोटा निघालेला बरा.

एकटा भिवा तसं बोलला नाही. भिवा मावळातला, दाराजवळच्या मशीनवरचा, हातात कायम बिडी. तो खाटेशी बसला आणि म्हणाला, "आमी वढतो, आमाला हुईल ह्ये ठरल्यालंच हाय. तुला कशापायी, राव?"

आठवडाभरानं कंपनीच्या दिग्विजयसाहेबांनी बोलावलं. माणसांचं खातं त्यांच्याकडं. तेही निर्व्यसनी, फक्त जेवणानंतर ते गाडीत काचा वर करून बसायचे आणि वेलदोडा चघळत बाहेर यायचे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आवाजात साय आणली. म्हणाले, तंबाखू दिन तोंडावर आलाय, आणि आपला निर्व्यसनी कामगारच असा आजारी म्हणजे लोकांचा व्यसनमुक्तीवरचा विश्वास उडेल.

"एक छोटीशी कबुली द्या, कोंडाजीराव. तरुणपणी चोरून ओढायचो, त्याचं फळ मिळालं. हातात बिडी घेतलेला एक फोटो, बॅनरवर लावू. तुमच्या गणराजला आम्ही पर्मनंट करतोय."

गणराज हा कोंडाजीचा पोरगा, दोन वर्षं तिथंच कंत्राटावर होता. तोही बापासारखाच, सुपारीसुद्धा न खाणारा.

कोंडाजीकडं शेत नव्हतं, घर नव्हतं. होतं ते एवढंच, की हा माणूस बिडी पीत नाही. तेवढं देऊन पोराचं भलं होत असेल तर होऊ दे, असं म्हणून त्यानं मान डोलावली.

शिकवायचं काम भिवाकडं आलं. चाळीच्या गच्चीवर न पेटवलेली बिडी घेऊन दोघं बसले. बारीक टोक ओठात, जाड टोक बाहेर. दोन बोटांत सैल धरायची, डोळे जरा बारीक करायचे. कोंडाजीला सगळं नीट जमलं. भिवाच म्हणाला, "झ्याक. जन्माचा बिडीवाला दिसतुयास." म्हणाला आणि स्वतःचीच बिडी त्याला कडू लागली.

फोटोच्या दिवशी ऑफिसात मालक नानासाहेब स्वतः हजर होते. दिग्विजयसाहेबांनी गणराजच्या कागदावर त्यांची सही घेतली, कागद कोंडाजीच्या हाती दिला आणि खुशीत सांगितलं, "आणि जागासुद्धा तुमचीच देतोय त्याला. आतल्या कोपऱ्यातली. एकदाही बाहेर जात नाही पोरगा. बापाचा मान लेकाला."

कोंडाजीनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग बिडी उचलली. बारीक टोक वर केलं, जाड टोक खाली, चिमटीत ताठ उभी धरली आणि दुसरा हात खाली लावला. देवापुढं उदबत्ती ओवाळतात ना, अगदी तशी. चेहऱ्यावर भाव असा, की आता कुणीतरी आरती म्हणायला घ्यावी.

नानासाहेबांनी जन्मात बिडी पाहिली होती ती दुसऱ्याच्या तोंडात आणि लांबून. ते म्हणाले, छान, चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसतोय. दिग्विजयसाहेबांचं तोंड उघडलं. बिडी अशी धरत नाहीत, हे त्यांच्या जिभेवर आलं. पण ते कसं ठाऊक, असं मालकांनी विचारलं असतं. तोंड मिटलं. फोटो निघाला.

बॅनर गेटावर लागला, चांगला दारावरच्या तोरणाएवढा रुंद: 'मी बिडी ओढली, तुम्ही ओढू नका'. पहिल्या शिफ्टची माणसं आली, लिंबाखाली थांबली, वर बघितलं आणि पोट धरून हसत सुटली. धूर काढण्यात हयात घालवलेली ती माणसं. कोण म्हणे, ह्यानं ओढली? ह्याला पेटवायची कुठून तेही माहीत न्हाई. एकानं तर लांबूनच हात जोडले. हसता हसता भिवाला ठसका लागला, आणि ठसका ओसरल्यावर तो हळूच म्हणाला,

"ह्यानं वढली न्हाई. मग ह्याच्या छातीत गेलं काय?"

हसू थांबलं. सगळ्यांच्या माना एकदमच आतल्या शेडकडं वळल्या.

त्या दिवशी गणराज दाराशी भिवाच्या शेजारी उभा राहिला. कोपऱ्यातल्या मशीनवर कुणीच गेलं नाही, बिडीवाला नाही की बिनबिडीवाला नाही. दुपारपर्यंत कुणी तपासणीला आलेलं नसताना भिंतीतला पंखा फिरू लागला. उकाडा फार आहे म्हणून लावला, असं ऑफिसनं कळवलं.

कोंडाजी त्या वेळी दवाखान्यात खाटेवर होता, हाताला सलाईन. भिवा संध्याकाळी ही हकीकत घेऊन आला. आल्यापासून त्यानं एकदाही खिशाकडं हात नेला नव्हता. अरुंधतीबाईंनी त्यालाही छातीचा फोटो काढायला सांगितला होता. गोजाबाईनं सवयीनं पदर घेऊन नवऱ्याचं तोंड पुसलं आणि पदर पाहिला. स्वच्छ होता. कोंडाजीनं खाटेच्या लोखंडी दांड्यावर बोटांनी ठेका धरला आणि खोल गेलेल्या आवाजात, अडत अडत, नवं कडवं लावून पाहिलं:

बिडीबाई बिडीबाई, तू तर नावाची वाईट,
जाऊ तुझी आतल्या शेडात, तिच्यावर कुणी पाडंना लाईट.