अडतीस जणांची मापं

आठवीपर्यंत मी हजेरीसुद्धा इतक्या हळू द्यायचे की सरांनी मला समोर बसलेली असताना दोनदा गैरहजर लावलं होतं. त्यामुळे नववीत समाजसेवेच्या तासाला गटप्रमुख कोण होणार असं विचारल्यावर माझाच हात वर गेला, तेव्हा सगळ्यात जास्त मीच दचकले. पण एकदा तोंड उघडलं ते उघडलंच. बाबा मला पुढारीणबाई म्हणायला लागले. आई म्हणायची, हिला बोलतं करता करता माझे केस पिकले, आता गप्प करता करता गळतील. मला दोन्ही ऐकायला आवडायचं.

प्रत्येक गटाने एका गरजू माणसाची खोली रंगवून द्यायची, असं त्या वर्षीचं काम होतं. आम्ही सहाजणींनी मावशी निवडल्या. मावशी म्हणजे शाळेमागच्या गल्लीत एका खोलीत राहणाऱ्या आणि तिथेच शिवणकाम करणाऱ्या बाई. आमच्या दप्तरांच्या बिघडलेल्या चेन, उसवलेले गणवेश त्या उभ्या उभ्या नीट करून द्यायच्या. खोलीत एक पलंग, एक कपाट, खिडकीपाशी शिलाई मशीन आणि मशीनसमोर एक भिंत, इतकी कळकट की बघवत नसे. कमरेपासून हात पोचेल तिथपर्यंत नुसती पेन्सिल. आकडे, खाडाखोड, तिरक्या रेघा, मधेच बाण. शेजारपाजारच्या कुठल्यातरी कार्ट्याने गिरगटलंय, असं मी ठरवून टाकलं.

मावशींच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि त्या चार दिवस तिकडे गेल्या. मी म्हटलं, हीच संधी, परत येतील तेव्हा खोली ओळखू येता कामा नये. आमच्या गटातल्या रेडिओने, म्हणजे जिचं तोंड झोपेतही चालू असतं तिने, आधी विचारूया का असं एकदा म्हटलं होतं. मी तिला सांगितलं की विचारलं तर माणसं संकोचाने नाहीच म्हणतात. हे वाक्य मला कुठून सुचलं देव जाणे, पण म्हटल्यावर फार भारी वाटलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरमालक काकांनी किल्ली दिली. फुकट रंग म्हटल्यावर त्यांनी शिडी आणि दोन बादल्याही दिल्या, वर जिन्यालाही जमलं तर एक हात मारा म्हणाले. शाळेला दाखवायला आम्ही आधीचा फोटो काढला. मी मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिले, बाकीच्या माझ्या आजूबाजूला दाटीवाटीने. मग मी स्वतः पॉलिश पेपर घेतला आणि ती भिंत घासली. पेन्सिल खोलवर बसली होती, निघता निघेना. खांदे भरून आले, पण मी सोडलं नाही. वर लांबीचा लेप, मग लिंबू-पिवळ्या रंगाचे दोन हात, आणि कोपऱ्यात सूर्य काढून खाली ‘हसत राहा’ असं लिहिलं.

पाचव्या दिवशी मावशी आल्या. आम्ही सगळ्या रांगेत उभ्या होतो, सरही होते. त्या दारातच थांबल्या. हातातली पिशवी तशीच धरून भिंतीपाशी गेल्या आणि तळहात टेकवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आनंदाने बोलता येत नसेल.

“मापं कुठायत?” त्यांनी विचारलं.

कुणालाच काही कळलं नाही. सरांनी टाळ्या वाजवायला उचललेले हात खाली घेतले.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते अगदी सपाट आवाजात सांगितलं, त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गावाबाहेर अपंगांची संस्था आहे. तिथे अडतीस जण राहतात. कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा एक हात कोपरापर्यंत, कुणी वर्षानुवर्षं चाकांच्या खुर्चीत. तयार कपडा त्यांच्या अंगाला बसत नाही. मावशी अकरा वर्षं त्यांचे कपडे शिवत होत्या, त्याच कामावर त्यांचं घर चालायचं. त्या लोकांचं माप घेणं म्हणजे आपल्यासारखं टेप फिरवून दोन मिनिटांत होत नाही. दोघांनी धरावं लागतं, हळूहळू वळवावं लागतं, दुखलं की थांबावं लागतं. त्यासाठी मावशींनी आठ रविवार तिथे घालवले होते आणि मागच्याच महिन्यात सगळी मापं नव्याने घेऊन झाली होती. वही का नाही, असं सरांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, कापताना दोन्ही हात कापडात असतात, मान वर केली की माप दिसायला हवं. तिरकी रेघ म्हणजे कुठला खांदा किती उतरलाय. बाण म्हणजे कुठल्या बाजूने बटणं लावायची.

मी घरी गेले आणि जेवले नाही. दुसऱ्या दिवशी एकटीच गेले. जुन्या कपड्यांवरून मापं घेऊ म्हटलं, तर अंगं बदलतात म्हणाल्या. मग मला फोटो आठवला आणि मी फोन घेऊन जवळजवळ उड्या मारत त्यांच्यासमोर बसले. फोटो मोठा केला. भिंतीचा मधला सगळा भाग मी अडवला होता. माझं तोंड, माझे पसरलेले हात, माझी ओढणी. वर डावीकडे, रेडिओच्या डोक्याच्या वर, तीन ओळी वाचता येत होत्या, एकेका माणसाची एकेक. मावशींनी त्या खडूने एका कापडावर उतरवून घेतल्या.

“तीन झाले,” त्या म्हणाल्या.

संस्थेत मी त्यांच्याबरोबर गेले. तिथल्या मेट्रनबाई वाईट नव्हत्या. पण माणसांना धरायला पुन्हा आठ रविवार कर्मचारी द्यायचे कुठून, असं त्यांनी विचारलं. आम्ही सहाजणी येऊ म्हटलं, तर शाळेच्या पोरींना रहिवाशांना हात लावू देता येणार नाही, कुणाचं काही मोडलं तर जबाबदार कोण, असं म्हणाल्या. वरच्या ऑफिसातून तयार झग्यांची मागणी नोंदवा म्हणून दोन वर्षं तगादा होताच. लहान, मध्यम आणि मोठा. मापं तयार आहेत, एवढं एकच कारण सांगून मेट्रनबाई इतके दिवस तो थोपवून धरत होत्या. आता ते कारण उरलं नव्हतं.

आमच्या भिंतीला शाळेत पहिला नंबर मिळाला. खरं काय ते सांगूया, असं मी सरांना म्हटलं. ते म्हणाले, हेतू चांगला होता, आणि निकाल लागलाय. मी स्टेजवर गेले आणि प्रमाणपत्र घेतलं.

तीन शर्ट शिवून झाले त्या दिवशी मावशींनी मला पिशवी धरायला बोलावलं. झगे आधीच आले होते. सगळे राखाडी. व्हरांड्यात पाठ वाकलेले एक आजोबा बसले होते. झगा पुढून पायाखाली लोळत होता आणि मागून वर चढून त्यांची कंबर उघडी पडली होती. मावशी त्यांच्या शर्टाचा पाठीमागचा भाग नेहमी चार बोटं लांब कापत, हे मला तोपर्यंत माहीत झालं होतं. आजोबा पिशवीकडे बघत होते. तीन शर्टांपैकी एकही त्यांचा नव्हता.

“या खेपेला माझा राहिला वाटतं,” ते म्हणाले.

मावशी खाली बसल्या. दातात टाचण्या धरून त्यांनी झग्याचा पुढचा घेर दुमडला. मी एकेक टाचणी पुढे करत होते. माझ्यामुळे झालं हे, मी भिंत पुसली, असं मी आजोबांना सांगितलं. त्यांना काही संदर्भ लागला नाही. कसली भिंत, त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगेपर्यंत त्यांचं लक्ष पुन्हा पिशवीकडे गेलं होतं.

“पुढच्या वर्षी शिवशील ना?”

मावशींनी शेवटची टाचणी लावली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“सोमवारपासून मी झग्यांच्या कारखान्यात जाते, आजोबा. पगार वेळेवर मिळतो. आणि तिथे मापं लागत नाहीत.”