दिवेलागणीचं मीठ

जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, त्याला दोन वर्षं झाली होती. नवं गाव सावद्यापासून दूर, माळावर आखलेल्या प्लॉटांवर बसलं. घरं झाली, विहीर झाली, मारुतीची स्थापनाही झाली. गिरधर वाण्याचं दुकान मात्र आलं नाही. त्याच्या मुलाने जळगावला, पिंप्राळ्यात, जागा घेतली होती. म्हातारा गिरधर जाताना माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, "अक्का, साठ घरांवर दुकान चालत नाही." मी त्याला वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. दुकान जातंय म्हणजे काय जातंय हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

जुन्या गावात त्याच्या दुकानाच्या पायरीशी खडेमिठाचं पोतं उघडं असायचं. रात्री दुकानाला कुलूप लागायचं, पण पोतं बाहेरच. मीठ कोण चोरतं?

आमच्यासारख्या घरांचं दुकानावाचून अडलं नाही. यजमानांची, म्हणजे जीवरामभाऊंची, केळीची बाग होती, बैलगाडी होती. महिन्याचा किराणा सावद्याहून एकदम यायचा आणि माझ्या बरण्या भरलेल्या असायच्या. अडलं ते पुडीवर जगणाऱ्यांचं. खालच्या गल्लीत रोजाने जाणारी माणसं. संध्याकाळी मजुरी हातात पडली की त्या दिवसापुरती तेला-मिठाची, हळदीची पुडी आणायची, ही त्यांची रीत. आता पुडी आणायची तर तीन मैल फाट्यापर्यंत चालायचं, मधला नाला ओलांडायचा आणि तिथून एस.टी. मिळाली तर सावदा. चहूकडे केळी उभी, ट्रकच्या ट्रक दिल्लीला जात होते, आणि गावात चिमूटभर हळद विकत मिळत नव्हती.

मग बायका माझ्याकडे येऊ लागल्या. कुणाला वाटीभर तेल, कुणाला चहाची पूड. मी कुणाला नाही म्हटलं नाही. देवाने बरण्या भरल्या त्या कशासाठी, असं मला वाटायचं. फक्त माझे नेम होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. मीठ कुणाच्या हातावर द्यायचं नाही, भांडण होतं. आणि दिवा लागल्यावर मीठ घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. मीठ म्हणजे लक्ष्मी. माझ्या आईने पाळलं, सासूबाईंनी पाळलं, तसं मीही पाळत आले.

झुंबरबाई खालच्या गल्लीतली. बौद्धवाड्यातलं तिचं घर आमच्याबरोबरच उठून इथे आलं होतं. तिचा मुलगा आधार केळीचे ट्रक भरायला जायचा, सून निंदणीला. सुनेची मुलगी सुजाता, दीड वर्षाची, सदा आजीच्या कडेवर. झुंबरबाई काही मागायला आली की मी त्या पोरीच्या हातावर साखर ठेवायची. ती साखर जिभेला लावायची, तोंड वाकडं करायची आणि मिठाच्या बरणीकडे बोट दाखवायची. शेवटी मी बरणीच्या झाकणात दोन खडे काढून समोर ठेवायची. ते चोखत ती खुशाल बसायची.

"बकरीच्या जातीची आहे गं तुझी नात," मी एकदा म्हटलं.

"असू द्या अक्का," झुंबरबाई हसली. "तुमच्या घरचं मीठ खाते. खाल्ल्या मिठाले जागंन."

दर मंगळवारी उपकेंद्रातून सुनंदाबाई नर्स यायच्या. पावसाळा लागला तसं त्यांनी सगळ्या बायांना माझ्या ओट्यावर जमवलं आणि लेकराला जुलाब लागले तर काय करायचं ते करून दाखवलं. तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांची चिमूट मीठ. मग चव घ्यायची. "आपल्या डोळ्यांतल्या पाण्याइतकंच खारट लागलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "त्याहून जास्त झालं तर फेकून द्या. आणि नुसतं साखरेचं पाणी देऊ नका, त्याने जुलाब वाढतात." मीठ माझ्याच घरचं घेतलं होतं. झुंबरबाईने चव घेतली, मी घेतली. कुणीतरी म्हणालं, सासुरवाशिणीला चव घ्यायची गरजच नाही, तिच्या तोंडात ती आयती असते. सगळ्या हसल्या.

श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस बसला तो चार दिवस हलला नाही. बाजाराचा दिवस हुकला. नाल्याला पाणी आलं आणि केळीचे ट्रकही फाट्यावर अडकून पडले.

सुजाताला गुरुवारी रात्रीपासून जुलाब लागले होते. शुक्रवारी दुपारी विहिरीवर मला हे कळलं. आधार सकाळीच नाला उतरून सावद्याला गेला होता, औषध आणि घरातलं मीठ-मिरची आणायला. त्याच्यामागे पाणी चढलं आणि तो पलीकडेच राहिला. मी मनात म्हटलं, संध्याकाळी आरतीत त्या पोरीचंही नाव घेईन.

कारण तो शुक्रवार जिवतीचा होता. माझा मुलगा धुळ्याला होस्टेलवर शिकायला. त्याच्यासाठी मी श्रावणातले चारही शुक्रवार दिवसभर उपास करायची. भिंतीवर जिवतीचा कागद लावायचा, दुर्वा-आघाड्याची माळ वाहायची आणि तिन्हीसांजेला पुरणाच्या दिव्यांनी औक्षण. मूल समोर नसलं तर चारही दिशांना अक्षता टाकायच्या, म्हणजे असेल तिथे त्याला पोचतात.

मी तुळशीपाशी दिवा लावला, आत आले, आरतीचं तबक हातात घेतलं आणि ओट्यावर पावलं वाजली. झुंबरबाई. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात रिकामी वाटी.

"अक्का, जरा मीठ पाहिजे होतं."

मी तबक खाली ठेवलं. रागावले नाही, मी कधी रागावत नाही. हळूच म्हटलं, "दिवा लागला गं झुंबरबाई. आता मीठ कसं देऊ? सकाळी ये. सूर्य वर आला की ये, वाटीभर कशाला, डबाभर देते."

ती उभी राहिली. तिची नजर आत चुलीजवळच्या बरणीवर होती. पोर कशी आहे, असं मी विचारलं.

"निपचित पडली आहे. साखरेचं पाणी पाजून राहिली मी."

साखरेचं पाणी. हे शब्द मी ऐकले. ओट्यावर मीठ-साखरेचं पाणी माझ्याच तांब्यात झालं होतं, माझ्या जिभेने त्याची चव घेतली होती. पण माझं मन तबकातल्या दिव्यांवर होतं. पुरणाचे दिवे विझले तर पुन्हा लावत नाहीत. रात्रीच्या भाजीला मीठ हवं असेल, असं मी धरून चालले. कशाला हवं, एवढं विचारलं असतं तरी ती बोलली असती. मी विचारलं नाही.

"आमच्यात आता हे काही पाळत नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण तुमचा नेम मोडाले नको, अक्का. जिवतीचा दिवस आहे." ती ओट्याच्या पायऱ्या उतरली. दुसऱ्या कुठल्या दारी ती गेलीच नाही, हे मला मागाहून कळलं. मंदाअक्कांनी नाही म्हटलं, मग बाकीचे कशाला देतील, असं तिने मनाशी धरलं.

मी चारही दिशांना अक्षता टाकल्या. सुजाताचं नाव घेतलं. खोटं सांगत नाही, मनापासून घेतलं.

सकाळी पाऊस उघडला. मी अंघोळ करून सूर्याला पाणी घातलं आणि मीठ आधीच काढून ठेवलं. वाटीच काढली. डबाभर म्हणाले होते ते बोलण्याच्या ओघात. उन्हाची तिरीप ओट्यावर आली आणि झुंबरबाईही आली. सांगितल्या वेळेला, अगदी सूर्य वर आल्यावर. हातात पत्र्याचा मोठा डबा होता. कडेवर कुणी नव्हतं.

मी वाटी पुढे केली. "आलीस? बघ, काढूनच ठेवलंय."

तिने वाटीकडे पाहिलं. "वाटीनं नाही भागायचं, अक्का. डबाभरच द्या."

"डबाभर कशाला गं?" मी विचारलं. काल विचारायचं ते आज विचारलं.

"लेकराले पुरतात ना," ती म्हणाली. "खाली-वर टाकाले लागंन."

मी आत गेले आणि पूर्ण बरणी तिच्या डब्यात उपडी केली. काही खडे जमिनीवर सांडले. मीठ सांडलं तर पापण्यांनी वेचावं लागतं, असं आई सांगायची. झुंबरबाईने खाली बसून ते बोटांनी एकेक वेचले आणि डब्यात टाकले. त्यात दोन मोठे खडे होते, नेहमी झाकणात ठेवायचे तसे. मी ते पाहत राहिले. आधार नाल्यापलीकडून दुपारी पोचला. त्याच्या पिशवीत मीठ होतं.

मंगळवारी सुनंदाबाई आल्या, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोर आधीच फार खंगली होती, सलाईन लागलं असतं, नुसत्या मिठाने वाचलीच असती असं नाही. त्या माझी समजूत घालत होत्या. समजूत घालणाऱ्याचा चेहरा मला कळतो, मीही पुष्कळांची घातली आहे.

माझे नेम मी सोडले नाहीत. सोडून कुठे जाणार होते? दिवा लावते, जिवती पूजते. एवढंच की दिवा लावायच्या आधी मिठाची बरणी बाहेर ओट्यावर नेऊन ठेवते. दिवा लागल्यावर मीठ घराबाहेर द्यायचं नाही ना, मग ते आधीच बाहेर असू दे. ज्याला हवं त्याने न्यावं, मला विचारूही नये.

पाच वर्षांनी, नव्वदच्या सुमारास, गावातल्याच हिलालने मारुतीसमोर किराणा दुकान टाकलं. आता ओट्यावरचं मीठ कुणी नेत नाही. बरणी मी ठेवतेच.

झुंबरबाईने त्या दिवसानंतर माझ्या घरातून मीठ नेलं नाही. बोलायची मात्र पहिल्यासारखी, मान खाली घालून, हळू. कधी तिने एक शब्द उणा काढला असता तर मला सोसलं असतं.

परवा तिन्हीसांजेला एकाएकी सर आली. मी आत माळ ओढत होते, उठता येईना. झुंबरबाई रस्त्याने घरी चालली होती. ती ओट्यावर चढली, पदराने बरणी पुसली, झाकण घट्ट लावलं आणि उंबऱ्याच्या आत सरकवून ठेवली.

"मीठ पाण्यात जाईन, अक्का," ती म्हणाली. "आत असू द्या."

आणि पावसातच निघून गेली.