बुजवलेल्या फटी

नाचणगावच्या देवकाबाईनं एखादी गोष्ट मनावर घेतली, की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायची नाही. मागच्या पौषात तिच्या लेकीचं, कमलाचं, पहिलं पोर आठव्याच दिवशी गारठून गेलं होतं. घर कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या कुडाचं, फटीफटीतून वारा. शेगडी पेटवावी तर सगळी ऊब शिवारात. ते निळं पडलेलं पोर बाईच्या डोळ्यांपुढून हलेना.

म्हणून एकोणऐंशीच्या हिवाळ्यात कमला पुन्हा बाळंतपणाला आली, तेव्हा बाईनं कंबरच कसली. कुडाला आतून-बाहेरून शेणमातीचा बोटभर थर दिला. छपराच्या कवेलूंखाली पोती ताणून बांधली, झरोक्यात कापूस ठासून भरला. रात्री दाराखाली जुनं लुगडं कोंबायचं, हेही ठरलं. आता अर्ध्या कोळशात खोली तापायची आणि सकाळपर्यंत तापलेलीच राहायची. शेजारची आनंदाबाई बघून गेली आणि म्हणाली, अशी खोली तर पाटलाच्या घरीही नाही. देवकाबाई फुगली. का नाही फुगणार? मुलगा झाला होता, गुबगुबीत होता आणि त्याचे तळपाय गरम होते.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला कमला म्हणाली, "माय, डोकं लय दुखून राह्यलं. तो झरोका तरी उघडजो."

बाईनं झरोक्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"डोकं दुखल्यानं कोनी मरत नाई, पोरी. थंडीनं मरते."

तिनं रुळालगत वेचलेला दगडी कोळसा खाटेखालच्या शेगडीत भरला, दार ओढलं, लुगडं कोंबलं आणि ओसरीत अंग टाकलं. त्या दिवशी थंडी भयंकर होती.

सकाळी दार उघडलं तेव्हा ऊब तोंडावर आली. बाईला बरं वाटलं, हो, आधी बरंच वाटलं. शेगडीत अजून धग होती. कमलाला हाक मारली, मग हलवलं. मग बाईनं ओरडून सगळी आळी गोळा केली.

दवाखान्यातली नर्स आली. तिनं मायलेकांना पाहिलं, झरोक्यातला कापूस ओढून काढला आणि सांगितलं, की कोळशाचा विषारी वायू आतच कोंडला, दोघंही झोपेतच गेली. बायका रडू लागल्या. देवकाबाई रडली नाही. तिनं बाळाचे तळपाय मुठीत धरले होते.

"असं काऊन म्हनता, बाई? हात तर लावून पाहा," ती नर्सला म्हणाली. "गरम हाय."