स्वच्छ शर्टाचा संशय

गावच्या फुटबॉल संघाचे कपडे ज्याच्या लाँड्रीत धुतले जात, त्या गृहस्थाच्या शब्दाला पाठीराख्यांत साक्षीदाराच्या जबानीचे वजन होते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीच्या टेबलाभोवती मंडळी जमत, आणि खटला बहुधा एकाच आरोपीवर चाले. आरोपी म्हणजे दहा नंबरचा शर्ट घालणारा तरुण. सुईत दोरा ओवावा तसा त्याचा पास बचावफळीतून जाई, हे त्याचे निंदकही मान्य करीत. वाद होता तो त्याच्या कष्टांविषयी. चेंडू पायातून निसटला की हा कमरेवर हात ठेवून उभा राही. म्हणून मंडळींनी त्याचे नाव ठेवले होते ‘जावईबापू’.

“बाकीचे दहा जण मरमर धावतात, आणि हे मानपानाची वाट बघत उभे!” बसचा ड्रायव्हर म्हणाला.

“अहो, पण कालचे दोन्ही गोल त्याच्याच पासवर झाले ना?” गणिताचे मास्तर म्हणाले. “डोक्याने खेळणाऱ्याला घाम कशाला हवा?”

“मास्तर, तुम्ही खुर्चीत बसून शिकवता, म्हणून तुम्हाला त्याचा पुळका!”

हशा ओसरल्यावर ड्रायव्हर लाँड्रीवाल्याकडे वळला. “काका, तुम्हीच सांगा. शर्ट कसा आला?”

“कोरा करकरीत. कॉलरला मळ नाही, बाहीला गवताचा डाग नाही. पाण्यात बुडवायचीसुद्धा लाज वाटते.”

पण या खटल्यात साक्ष देणाऱ्याचे स्वतःचेही काही गुंतले होते. त्याच्या एकुलत्या एका मुलीने नुकतेच सांगितले होते की, तिला लग्न करायचे आहे ते याच मुलाशी, आणि तेही बाबांनी मनापासून होकार दिला तरच. तेव्हापासून ‘जावईबापू’ हा शब्द कानी पडला की तो दचके. चेंडूमागे जो धावत नाही, तो संसारात अडीअडचणीला काय धावणार?

पण दुसरीही एक शंका त्याला पोखरत होती. नुसत्या बाकावर बसलेल्या खेळाडूच्या शर्टालाही अंगाचा वास येतो; याच्या शर्टाला तोही नव्हता. मग हा नक्की पाठवतो तरी काय? पुढच्या सामन्याला त्याने कपडे आणणाऱ्या टेम्पोवाल्याला थांबवले आणि सामना संपताच स्वतःच गेला.

खेळाडूंच्या खोलीतले सगळे अंघोळीला गेले होते. दहा नंबरवाला तेवढा उघड्या अंगाने बेसिनपाशी उभा राहून शर्ट चोळत होता.

“काका! तुम्ही?”

“हे काय चाललंय?”

“काही नाही, जरा खळबळून काढतोय. सकाळी टेम्पो येईपर्यंत वाळतो.”

“मग आमची लाँड्री काय शोभेला आहे?”

मुलाने मान खाली घातली. “ज्यांच्याकडे मुलगी मागायची, त्यांच्या हातात आपला मळका शर्ट कसा द्यायचा? बरं नाही वाटत.”

बेसिनमध्ये पाणी गढूळ झाले होते आणि त्यावर गवताची पाती तरंगत होती. कॉलरवर अजून न निघालेला घामाचा पट्टा होता. दुसरा कोणी असता तर विरघळला असता. लाँड्रीवाला गाठोडे उचलून निघाला तो नवा किडा डोक्यात घेऊनच.

घरी आल्याआल्या त्याने मुलीला सगळे सांगितले आणि वर म्हणाला, “आज घाम लपवतो. उद्या काय काय लपवेल, कोणी सांगावं?”

मुलीने हातातली चादर तशीच खाली ठेवली. “शर्ट स्वच्छ होता तेव्हा तो आळशी. मळका निघाला तर लबाड. उद्या मळकाच पाठवला, तर म्हणाल मुद्दाम लोळला. बाबा, त्याने करायचं तरी काय?”

लाँड्रीवाल्याने उत्तर शोधून पाहिले. डाग कशाचा आणि तो कशाने निघतो, हे त्याला नेहमी सांगता येई. हा डाग मात्र त्याच्या स्वतःच्याच मनाला पडलेला होता.

“बोलाव त्याला घरी,” शेवटी तो म्हणाला. “माझा होकार आहे.”

“मनापासून? संशय गेला?”

“संशय कसला जातोय! तो माझा मी सांभाळेन, तुमच्या संसारात आणणार नाही.” मुलीने फोन हाती घेतला, तेवढ्यात त्याला राहवले नाही. “आणि ऐक, चेंडू गेल्यावर थोडं तरी मागे धाव म्हणावं. निदान मी बघायला येईन त्या दिवशी!”